धुळाजीचा शब्द

धुळाजीला लकवा मारला, तेव्हापासून त्याच्या वतीनं बोलायचं काम त्याच्या थोरल्या भावानं, पुंजारामनं, कुणी न सांगता अंगावर घेतलं होतं. आणि काय बोलायचा! "आमच्या धुळाजीचं म्हनणं असं हाय," अशी सुरुवात करायचा आणि पुढं सगळं स्वतःचंच म्हणणं दणकून सांगायचा. धुळाजी आपला बाजेवर बसून बघायचा. उजवी बाजू गेलेली, जीभ गेलेली, मान आपली आपण डुलत राहायची. हो म्हणायचं असलं तरी तशीच, न्हाई म्हणायचं असलं तरी तशीच. पुंजारामला ती डुलणारी मान फार सोयीची होती. "बघा, हो म्हनला," असं म्हणून तो मोकळा व्हायचा.

असा हा पुंजाराम धुळाजीच्या लेकीचं, मोनिकाचं, लग्न ठरवून बसला होता. मोनिका तीर्थपुरीच्या कंप्युटर क्लासात शिकवायची. स्थळ घनसावंगीकडचं, रामकिसनरावांचा भारत. घर चांगलं, मेंढरं भरपूर, ऊसही होता. पोरात वरवर बघायला खोट काढायला जागा नव्हती. पण एकदा फोनवर बोलताना मागं आबांचं, म्हणजे धुळाजीचं, यंत्र बोललं, आणि भारतला हसू आवरेना. "तुझा बाप रेडिओ झाला का गं?" म्हणाला. तेही मोनिकानं सोडून दिलं असतं. पण पुढं म्हणाला, "अजून एकदा बोलव की, दोस्तायला ऐकवतो."

मोनिकानं फोन ठेवला तो ठेवलाच.

आईला, आसराबाईला, तिनं सांगितलं. आसराबाईनं भीत भीत पुंजारामच्या कानावर घातलं. "पोरं करत्यात गंमत," पुंजाराम म्हणाला, "तेवढ्यावरनं सोयरीक मोडती व्हय?" आबांना मात्र मोनिकानं काही सांगितलं नाही. त्यांचीच टर उडवलेली, ती त्यांनाच कशी सांगायची? रडायचं ते तिनं कंप्युटरपुढं बसून, पाठमोरी होऊन, गुपचूप रडून घेतलं.

आता हे यंत्र काय, ते सांगायला पाहिजे. जालन्याला कॉलेजात असताना मोनिकानं आबांसाठी एक प्रोग्राम लिहिला होता. घरातल्या कंप्युटरवर चित्रं दिसायची: पाणी, जेवण, न्हाई, हो, चहा, मेंढरं आणि अशीच पुढची. एकेक चित्र पाळीपाळीनं उजळायचं. आबांचा डावा हात सावकाश का होईना उठायचा, तळव्याखाली माऊस ठेवलेला असायचा. हवं ते चित्र उजळलं की दाबायचं, की मोनिकाचा धाकटा भाऊ गोरक्षनाथ याच्या आवाजात तो शब्द ऐकू यायचा. बापाचा शब्द लेकाच्या तोंडून. पहिल्यांदा "चहा" ऐकला तेव्हा आसराबाई चुलीपुढं बसून इतकी रडली की चहा उतू गेला.

अडचण एकच होती. त्यांच्या भावकीत पोरीचा शब्द घरात देत नाहीत. ओढ्यापलीकडं बिरोबाचं देऊळ आहे, त्याच्या कट्ट्यावर देवापुढं बसून पोरीच्या बापानं म्हणायचं, तेव्हा सुपारी फुटते. आणि तिथं दिलेला शब्द परत घेता येत नाही. बापाला बोलता येत नसेल तर थोरल्या भावानं बोलायचं. म्हणजे परत पुंजारामच! आबांचा आवाज घरातल्या टेबलावर, आणि शब्द द्यायचा ओढ्यापलीकडं.

"बैलगाडीत घालून नेऊ की मशीन," आसराबाई म्हणाली.

"माय, तिथं लाईट कुठंय? क्लासचा लॅपटॉपबी लाईटीबिगर चालत न्हाई."

"मंग काय करावं गं?"

मोनिकाचं ठरलं होतं. आबांनी स्वतः हो म्हटलं, तर मान खाली घालून जायचं. आबांच्या शब्दापुढं तिचं काही चालत नव्हतं, आणि चालावं असं तिला वाटतही नव्हतं. पण तात्याच्या, पुंजारामच्या, हो वर जायचं नाही. बिलकुल नाही. त्यासाठी आबांचा आवाज कट्ट्यावर पोचायला हवा होता. फोनच्या ब्राउझरमधेच सगळी चित्रं उघडली, तर लिंक पाठवायची, की कुणाच्याही फोनवर आबा बोलतील.

क्लास सुटल्यावर दुपारी ती तिथंच बसली. प्रोग्राम जुन्या भाषेतला, तो ब्राउझरला कळेल असा करून देणारं साधन मिळालं. चालवून बघितला, तर पान पांढरंफटक. ना चित्र, ना आवाज. माऊस हलवला, काही नाही. थोड्या वेळानं ब्राउझरनंच विचारलं, पान उत्तर देत नाही, वाट बघायची का बंद करायचं? तिनं वाट बघितली. परत तेच. परत बघितली. वैतागून तिनं लॅपटॉपचं झाकण आपटलं आणि लगेच घाबरून उघडून बघितलं, कारण लॅपटॉप क्लासचा होता.

मग वाचत गेली तसं उमगत गेलं. तिच्या प्रोग्रामच्या पोटात एक मोठा लूप होता, कधी न संपणारा: चित्र उजळ, दाबलं का बघ, थांब, पुढचं चित्र उजळ, परत पहिल्यापासून. घरच्या कंप्युटरवर हे चालतं, तिथं प्रोग्राम आपल्या घरचा मालक. ब्राउझरमधे तो पाहुणा. ब्राउझरला पडदा रंगवायचा असतो, बोटांचा स्पर्श ऐकायचा असतो, सतरा कामं असतात. तो म्हणतो, तुझं काम कर आणि माझं मला परत दे. आणि हिचा लूप काही परत द्यायला तयार नव्हता.

"अगं माय," मोनिका एकटीच हसली, "ह्यो तर आपला तात्या!"

दोघा भावांची विहीर सामाईक. एकाची पाळी झाली की मोटार बंद करून दुसऱ्याला पाणी द्यायचं. पण पुंजारामनं एकदा बटण दाबलं की त्याच्या उसाला दिवसभर तहान. धुळाजीचा कापूस बघत बसायचा. तसा हा लूप. एकदा आत शिरला की बाहेर यायचं नाव नाही, मग बाकीच्यांना पाळी यायची कशी?

तिनं लूप मोडला. मुख्य काम एका छोट्या तुकड्यात बसवलं: ब्राउझरनं हाक मारली की एक पाऊल टाकायचं आणि गप परत यायचं. पुढची हाक आली की पुढचं पाऊल. फेरा आता प्रोग्रामचा नव्हता, ब्राउझरचा होता. चालवून बघितलं तर चित्रं दिसली. मोनिकानं जागेवर बसूनच टाळी वाजवली.

घरी आली, आबांच्या हाताखाली आपला फोन धरला. पाण्याचं चित्र उजळलं. आणि उजळलेलंच राहिलं. आबांनी दाबलं. "पाणी." आसराबाईनं तांब्या आणला. परत दाबलं. "पाणी." परत तांब्या. आबा वैतागून दाबत होते, फोन पाणी पाणी करत होता आणि आसराबाई पळत होती.

"आवं, इतकं पाणी काहून प्यायलेत तुम्ही?"

"माय, थांब जरा! त्यायला पाणी नकोय!"

चूक मोनिकाचीच होती. कुठल्या चित्रावर आहोत ही आठवण तिनं त्या तुकड्याच्या आतच ठेवली होती. तुकडा दर वेळी परत जायचा, आठवण पुसली जायची, आणि पुढच्या हाकेला गाडी परत पाण्यावर. तिनं आठवण बाहेर काढून ठेवली. मग चित्रं ओळीनं चालायला लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आबांची बाज लिंबाखाली नेली. लकवा मारल्यापासून आबा बोलायचे ते घरातल्या त्या कोपऱ्यातच, बाहेर आले की मुके. त्या दिवशी त्यांनी लिंबाखाली, उघड्यावर, फोन मांडीवर घेऊन म्हटलं, "मेंढरं." गोरक्षनाथनं मेंढरांभोवतीची वाघर, म्हणजे जाळी, सोडली आणि सगळा कळप त्यांच्या पुढ्यातनं नेला. आबांच्या चेहऱ्याची चालणारी बाजू हसली. मोनिकाला इतकं हलकं वाटलं की ती विनाकारण अंगण झाडायला लागली.

बैठकीच्या दिवशी कट्ट्यावर घोंगड्या अंथरल्या. नवरीनं बैठकीत बसायचं नसतं, पण यंत्राच्या निमित्तानं मोनिकाला कडेला बसू दिलं. रामकिसनराव आले, त्यांची भावकी आली. भारत नव्हता, रिवाजाप्रमाणं. आबांना खुर्चीवर बसवलं. पुंजाराम नवा फेटा बांधून मधोमध बसला होता, बोलायच्या तयारीत.

"तात्या," मोनिका म्हणाली, "आबा सोता बोलणार हायेत. फोनवर."

पुंजारामचा चेहरा पडला. पण रामकिसनराव म्हणाले, "मंग तर बेस झालं! बापाचा शब्द बापाकडनंच यावा." त्यांच्यापुढं पुंजारामला नाही म्हणता येईना.

मोनिकानं आपला फोन पुढं केला. "थांब," पुंजाराम म्हणाला. "तुझ्या फोनात तुला पायजे तेच बोलंल. माझ्या फोनावर लाव." त्यानं नवाकोरा फोन काढला, हातभर पडद्याचा, महागाचा. मोनिकाला बोलणं लागलं, पण तिनं लिंक पाठवली. लिंक उघडली, चित्रं आली, मोठी, झळझळीत. फोन आबांच्या डाव्या हाताखाली ठेवला.

रामकिसनरावांनी सुपारी देवापुढं ठेवली. पुंजारामनं आवाज चढवला, "धुळाजी, पोरगी रामकिसनरावाच्या घरी द्यायची का?"

चित्रं पळायला लागली. आबांचा हात सावकाश उठला, खाली आला.

"हो," फोन बोलला.

"बिरोबाच्या नावानं चांगभलं!" पुंजाराम ओरडला. "ऐकलं ना समद्यानी? हो म्हनला!" कुणीतरी अडकित्ता पुढं केला.

झालं ते झालं, आबांचा शब्द आहे, असं मनाशी म्हणत मोनिकानं आबांकडं बघितलं. आबांचा हात थांबला नव्हता. तो परत परत फोनवर पडत होता आणि फोन "चहा", "मेंढरं" असं काहीबाही बोलत होता. माणसं हसत होती. आबांचे डोळे हसत नव्हते.

तिनं चित्रांकडं नीट बघितलं. फार पळत होती. लिंबाखाली एकेक चित्र आबांची वाट बघत थांबायचं. इथं हात उठेपर्यंत पुढचं चित्र यायचं. आणि मग तिच्या डोक्यात लख्ख झालं. ब्राउझर पडद्याच्या वेगानं हाका मारतो, आणि तिनं हाका मोजून वेळ ठरवली होती: इतक्या हाका झाल्या की पुढचं चित्र. तिच्या जुन्या फोनचा पडदा संथ. तात्याच्या महागड्या फोनचा पडदा दुप्पट चपळ, त्याच्या हाकाही दुप्पट.

अडकित्ता सुपारीवर होता.

"थांबा!" ती ओरडली. नवरी मुलगी, बैठकीत, ओरडली. सगळे तिच्याकडं वळले.

"काय गं?" पुंजाराम गुरकावला.

"फोन जास्ती जल्दी पळून राह्यला. आबा एक दाबायला जातेत आन् दुसरंच लागतंय."

"आत्ता गं! तुला सोयरीक नको म्हनून फोन बिघडला का?"

हेच तर होतं. तिला सोयरीक नकोच होती. मला हवं तेच मला दिसतंय का, ही शंका तिलाही चाटून गेली. म्हणून ती आबांपुढं बसली आणि आईला पुढं ओढून सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "आबा, ही आमची माय हाय ना?"

हात सावकाश उठला, पडला.

"चहा," फोन बोलला.

कट्टा खदखदून हसला. आसराबाई पदर तोंडाला लावून लाजली. हसले नाहीत ते रामकिसनराव. ते चित्रांकडं बघत होते. न्हाई, हो, चहा. न्हाई, हो, चहा.

"पुंजारामराव," ते सावकाश म्हणाले, "हो म्हनायला गेलं की चहा येतोय. मंग मघाचा हो कशाचा आला?"

पुंजाराम फेटा सारखा करत राहिला.

"दुरुस्त व्हतंय का, बाई?" रामकिसनरावांनी मोनिकाला विचारलं.

"व्हतंय. क्लासचा लॅपटॉप घरी आनलाय."

"जा मंग. सुपारी कुठं पळून न्हाई जात."

मोनिका ओढा ओलांडून पळाली. पदर कुठं, चप्पल कुठं! घरी पोचून लॅपटॉप उघडला. काम तसं छोटंच होतं: हाका मोजू नको, दर हाकेला घड्याळ बघ, आणि आबांना पुरेल इतका वेळ झाल्याशिवाय पुढं जाऊ नको. मग पडदा चपळ असो का संथ, चित्र आपल्या वेळेलाच हलणार. घाईत एक ओळ परत परत चुकली. शेवटी जमली. प्रोग्राम इंटरनेटवर चढवला आणि ती तशीच धापा टाकत परत आली.

"तात्या, पान वरनं खाली ओढा. नवं येतंय."

"घरी जाऊन काय भरून आनलं कुणास ठाऊक," पुंजाराम पुटपुटला.

"फोन तुमचा हाय आन् इचारनार मी," रामकिसनराव म्हणाले. त्यांनी घोंगडी पुढं सरकवली. "धुळाजीराव, मी तुमच्याकडनं एडका नेल्ता, बराबर का?"

चित्रं आता दमानं चालत होती. पाणी. जेवण. न्हाई. हो.

"हो."

"काळा व्हता ना त्यो?"

एक फेरा गेला. "न्हाई."

"बराबर," रामकिसनराव हसले. "पांढरा व्हता. कपाळावर तेवढा ठिपका." मग त्यांनी हसू आवरलं आणि हात जोडले. "आता बिरोबापुढं सांगा. तुमची मोनिका माझ्या भारतला देता का?"

पाणी गेलं. जेवण गेलं. न्हाई उजळलं आणि गेलं. हो उजळलं आणि गेलं. आबांचा हात मांडीवरच होता. मोनिकानं डोळे मिटले. सगळी ओळ संपली, परत पाणी आलं, परत जेवण. मग फोनवर हात पडल्याचा आवाज झाला.

"न्हाई," गोरक्षनाथच्या आवाजात आबा म्हणाले.

कुणीतरी अडकित्ता मिटून ठेवला.

"ह्याच्यात अजून बिघाड हाय," पुंजाराम म्हणाला.

"न्हाई तात्या," मोनिका म्हणाली. "आता बराबर चालू हाय."

"पण कामून न्हाई? कारन नको का? धुळाजी, कारन काय?"

कारण सांगायला चित्रं कुठली? पण आबांचा हात परत उठला. ते वाट बघत राहिले, ओळ पुढं सरकत राहिली, आणि ती शेवटाकडं गेली तेव्हा हात पडला.

"मोनिका."

"आबा, इथंच हाय मी."

पण ते तिला बोलवत नव्हते. हात तसाच वर होता. अजून एक चित्र आलं, आणि त्यांनी दाबलं.

"दुखतंय."

हे चित्र मोनिकानं त्यांच्या खांद्यासाठी घातलं होतं. थंडीत खांदा ठणकला की ते दाबायचे, आसराबाई तेल गरम करायची. आज त्यांनी ते लेकीच्या नावापुढं लावलं होतं. भारतचं बोलणं त्यांना कळलं होतं का, का पाठमोरी बसलेली लेक नुसती दिसली होती, कोण जाणे. एका खोलीत दिवसभर बसणाऱ्या माणसाला काय दिसत नाही? बोलता येत नव्हतं एवढंच.

रामकिसनरावांनी देवापुढची सुपारी उचलली, कपाळाला लावली आणि खिशात घातली. "बापाचा शब्द आला, पुंजारामराव. आता माझं काई म्हननं न्हाई. आमच्या पोराकडनं काय झालं त्ये मी घरी गेल्यावर बघतो." उठताना त्यांनी धुळाजीचा डावा हात दोन्ही हातांत घेतला. पुंजारामनं भावाकडं बघितलं आणि फेटा काढून मांडीवर ठेवला.

मोनिकाला हसू येत होतं, रडू येत होतं, कुठलं आधी येऊ द्यावं कळत नव्हतं. ती आबांच्या खुर्चीपाशी खाली बसली आणि त्यांच्या गुडघ्यावर डोकं ठेवलं. आबांची मान नेहमीसारखी डुलत होती. हात मात्र फोन सोडून तिच्या केसांवर आला, सावकाश, त्याच्या वेळेनं.

"न्हाई आबा," ती म्हणाली. "आता न्हाई दुखत."